मालवाहू वाहनांची वार्षिक योग्यता तपासणी : पास-नापास कशावर ठरते?

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो बाजारपेठेपर्यंत सुखरूप पोचविणे महत्त्वाचे असते. बैलगाडी जुंपण्यापूर्वी कण्याला वंगण आहे की नाही, चाकाची धाव सैल झाली आहे की काय, हे शेतकरी कोणी न सांगता पाहत असे. आता बैलगाडीची जागा बहुतेक ठिकाणी पिकअप, टेम्पो, ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रेलर यांनी घेतली आहे. वाहनाचा वेग वाढला, भार वाढला. परंतु जुंपण्यापूर्वी गाडी पाहण्याची जुनी सवय मात्र पुष्कळ ठिकाणी मागे पडली. वाहन पाहण्याचे काम वर्षातून एकदा, प्रादेशिक परिवहन कार्यालयात 'पासिंग'च्या दिवशी करावयाचे, अशी समजूत होऊन बसली आहे. ही समजूत घातक आहे. तपासणीत कोणत्या गोष्टी पाहिल्या जातात, त्या का पाहिल्या जातात व त्यांपैकी कोणत्या गोष्टी शेतकऱ्यास घरच्या घरी तपासता येतात, याची माहिती या लेखात दिली आहे.

कायद्याची अपेक्षा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनाजवळ योग्यता प्रमाणपत्र असल्याखेरीज त्याची नोंदणी वैध समजली जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ६२ प्रमाणे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी दिले जाते; त्यानंतर त्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. ग्रामीण भागात मालवाहतुकीसाठी बहुधा जुनी वाहने विकत घेतली जातात. त्यामुळे वार्षिक तपासणीचा संबंध इतरांपेक्षा खेड्यातील वाहनधारकांशी अधिक येतो.

प्रमाणपत्र हे वर्षभराचे अभयपत्र नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. वाहन नियमांप्रमाणे राहिलेले नाही असे दिसून आल्यास मुदत संपण्यापूर्वीही ते रद्द करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. प्रमाणपत्राची मुदत संपलेले वाहन अपघातात सापडल्यास विम्याच्या रकमेबाबत तंटा उभा राहतो आणि एका रात्रीच्या अपघाताने शेतकऱ्याचे घर वर्षानुवर्षे कर्जात अडकू शकते.

केवळ स्वतःच्या शेतीच्या कामासाठी वापरला जाणारा ट्रॅक्टर परिवहन वाहनात मोडत नाही. त्याची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. परंतु तोच ट्रॅक्टर भाड्याने वीट, वाळू किंवा इतरांचा माल वाहू लागला, की त्याचा उपयोग शेतीपुरता राहत नाही. अशा मालकाने आपल्या वाहनाची नोंदणी त्या उपयोगाला अनुरूप आहे किंवा नाही, याची कार्यालयात वेळीच चौकशी करावी.

ब्रेक

तपासणीत पहिला मान ब्रेकचा. महाराष्ट्रात ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा चाचणीमार्ग वापरला जातो. स्वयंचलित चाचणी केंद्रात वाहनाची चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने धरतो, हे यंत्रावर मोजतात. वाहन नुसते थांबणे पुरेसे नाही. ते सरळ रेषेत थांबले पाहिजे. एका बाजूचा ब्रेक अधिक धरत असेल, तर वाहन त्या बाजूला ओढले जाते. कोरड्या मैदानावर हा दोष किरकोळ वाटतो. ओल्या रस्त्यावर, भरलेल्या हौद्यासह तोच दोष वाहनाला समोरून येणाऱ्या गाडीपुढे नेऊन उभा करतो.

घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पायदळ दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले, तर तेल कोठे तरी गळते आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून निकामी झाला आहे, असे समजावे. चाकांच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ दिसतात काय, ते पाहावे. हँडब्रेक उतारावर ओढून वाहन जागचे हलत नाही, याची खात्री करावी. उतारावर वाहन उभे करताना चाकाखाली दगड ठेवण्याची सवय चांगलीच आहे. परंतु दगड हा हँडब्रेकला पर्याय होऊ शकत नाही.

स्टिअरिंग व पाटे

स्टिअरिंगचे चक्र बरेच फिरविल्यावर चाके हलू लागत असतील, तर जोडांत झीज झाली आहे असे निश्चित समजावे. पुढचे चाक जॅकवर उचलून ते वर व खाली धरून हलवावे. खडखड आढळल्यास बेअरिंग अथवा किंगपिन पाहावा. नंतर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवावे. तेथे खेळ आढळल्यास टाय रॉडचे सांधे पाहावेत. जॅकवर उचललेल्या वाहनाखाली मात्र कोणीही शिरू नये. पाट्यांमधील एखादे पान तुटले असेल, तर वाहन एका अंगाला कलते. अशा वाहनात कांद्याच्या गोण्यांची थप्पी उंच रचली, तर वळणावर ते उलटण्याचा धोका फार वाढतो.

टायर

नियम ९४ प्रमाणे चारचाकी व त्याहून मोठ्या वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ती मोजण्यासाठी उपकरण लागतेच असे नाही. टायरच्या मुख्य खाचांमध्ये ठिकठिकाणी रबराचे आडवे उंचवटे घातलेले असतात. झिजलेला टायर ज्या दिवशी या उंचवट्यांच्या पातळीला येतो, त्या दिवशी त्याचे आयुष्य संपले असे समजावे. टायरवरील खाचा म्हणजे पाण्याला वाट देणारे पाटच होत. पाट बुजले, की पाणी टायर आणि रस्ता यांच्यामध्ये साचते आणि ब्रेक कितीही उत्तम असला तरी चाक घसरत जाते. बाजूच्या भिंतीला फुगवटा आलेला किंवा आतील दोरे दिसू लागलेला टायर खाचा शाबूत असूनही बाद समजावा.

दिवे व परावर्तक

पुष्कळ वाहने मोठ्या बिघाडाने नव्हे, तर अगदी स्वस्त अशा वस्तूंमुळे अडतात. न लागणारा मागचा दिवा, बंद पडलेला इंडिकेटर, सोलून निघालेली परावर्तक पट्टी, न वाजणारा हॉर्न, वाचता न येणारी नोंदणी क्रमांकाची पाटी, ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. दिवे तपासताना एकाने आत बसावे व दुसऱ्याने मागे उभे राहून सांगावे. इंडिकेटर लावताच मागचा दिवाही त्याच्याबरोबर मिचकावू लागला, तर बहुधा दोष बल्बचा नसून अर्थिंगच्या तारेचा असतो. ती तार सांगाड्यास जेथे जोडलेली असते, तेथील गंज खरवडून काढावा. हंगाम संपल्यावर गोठ्याशेजारी अथवा शेडमध्ये उभ्या केलेल्या वाहनाच्या तारा उंदीर कुरतडतात. खतांच्या गोण्या वाहिल्यानंतर हौदा न धुतल्यास क्षारांमुळे तारांचे सांधे व पत्रा गंजतो. हे दोन शत्रू शेतकऱ्याच्या वाहनाला इतर वाहनांपेक्षा अधिक भेडसावतात.

परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, मागे लाल व बाजूंना पिवळ्या असाव्यात. त्या केवळ चिकटवून भागत नाही. चिखलाने माखलेली पट्टी नसल्यासारखीच असते.

हौदा, धूर व कागदपत्रे

हौद्याचा फाळका, त्याचे अडसर व साखळ्या घट्ट असाव्यात. हौद्याची लांबी-उंची परवानगीवाचून वाढविलेली असल्यास वाहन नापास होण्याचा संभव असतो, कारण वाढविलेला हौदा वाढविलेला भार मागतो आणि ब्रेक व टायर मात्र पूर्वीचेच राहतात. इंजिन व चॅसी यांचे क्रमांक नोंदणीपुस्तिकेतील क्रमांकांशी जुळवून पाहतात. ते गंजाखाली झाकलेले असल्यास आधीच स्वच्छ करावेत. ज्या वर्गातील वाहनांना वेगनियंत्रक आवश्यक आहे, त्यांतील वेगनियंत्रक चालू असावा. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांना एक वर्ष, तर त्याआधीच्या वाहनांना सहा महिने असते. विमा, कर आणि परवाना यांची मुदत अर्ज करण्यापूर्वीच तपासून घ्यावी. वाहन निर्दोष असूनही एका कागदासाठी दिवस वाया जाणे, आणि तेही तोडणीच्या दिवसांत, कोणासही परवडत नाही.

ट्रॅक्टर-ट्रेलरविषयी विशेष सूचना

शेतीपुरत्या ट्रॅक्टरला वार्षिक तपासणी लागू नसली, तरी रस्त्यावरील धोका कागद पाहून येत नाही. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी ब्रेकची दोन स्वतंत्र पायदळे असतात. शेतात वळण घेताना ती वेगवेगळी वापरणे सोयीचे असते. परंतु रस्त्यावर येण्यापूर्वी ती खिटीने एकत्र जोडलीच पाहिजेत. तसे न केल्यास घाईत एकच पायदळ दाबले जाऊन ट्रॅक्टर गर्रकन वळतो व उलटतो. ट्रेलर जोडणारी पिन मूळच्या मापाची असावी आणि तिला खालून अडकण असावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय. भरलेल्या ट्रेलरचा भार ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो. म्हणून उतारावर गिअर काढून वाहन सोडू नये.

ट्रेलरच्या मागील बाजूविषयी सर्वांत अधिक काळजी घ्यावी. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अंधारात उसाने भरलेला, दिवा व परावर्तक नसलेला ट्रेलर तिच्या चालकास ३५ मीटरांवर दिसला, असे धरले तरी त्याच्या हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. त्यातील एक सेकंद समोर काय आहे हे उमजण्यातच जातो. तोच ट्रेलर लाल परावर्तकामुळे शंभर मीटरांवरून ओळखू आला, तर त्यास सुमारे सहा सेकंद मिळतात. दोन सेकंद व सहा सेकंद यांतील फरक म्हणजे एका माणसाचा जीव. आणि तो माणूस बहुधा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असतो. उसाचे वाढे खाली लोंबून दिवे व परावर्तक झाकले जातात. म्हणून भरणी झाल्यावर मागे जाऊन ते दिसतात की नाही, हे दर खेपेला पाहावे.

उसनी योग्यता

तपासणीच्या आदल्या दिवशी ओळखीच्या गाडीचे चांगले टायर काढून आणावयाचे, पास झाल्यावर परत करावयाचे आणि पुन्हा गुळगुळीत टायर चढवावयाचे, असा प्रकार काही ठिकाणी चालतो. यात फसवणूक निरीक्षकाची होते असे मानले जाते. वस्तुतः फसतो तो वाहनमालक. तपासणीचा दिवस एक असतो; उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याचाच मुलगा किंवा त्याचाच गडी त्या टायरांवर घाट उतरत असतो. जी पाहणी निरीक्षक काही वेळात उरकतो, तीच पाहणी करावयास मालकाजवळ संपूर्ण वर्ष असते. योग्यता वाहनात असावी लागते. ती कागदावर उसनी आणता येत नाही.

वाहन नापास झाल्यास तो अपमान समजू नये. निरीक्षकाने दाखविलेल्या दोषांची लेखी नोंद घ्यावी, दुरुस्ती करून वाहन पुन्हा दाखवावे आणि ती नोंद पुढील वर्षासाठी जपून ठेवावी. मध्यस्थाच्या हाती वाहन व पैसे सोपवून घरी बसणाऱ्यास प्रमाणपत्र मिळेल; परंतु आपल्या वाहनाचा दोष कोणता, हे त्यास कधीच कळणार नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाचे काम

पावसाळा संपून गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील वाहनधारकांना एके दिवशी सायंकाळी एकत्र बोलवावे. एखादे वाहन मध्ये उभे करून पुढील सहा गोष्टींचे प्रात्यक्षिक करून दाखवावे :

१. ब्रेकचे पायदळ दाबून धरणे व हँडब्रेकची परीक्षा.
२. स्टिअरिंगमधील खेळ पाहणे.
३. टायरमधील झीजदर्शक उंचवटे ओळखणे व चाकांचे नट आवळणे.
४. सर्व दिवे, इंडिकेटर व हॉर्न तपासणे.
५. परावर्तक पट्ट्या पुसणे व फाटलेल्या बदलणे.
६. ट्रेलरची पिन, अडकण, साखळी व फाळका पाहणे.

अंधार पडल्यावर एक ट्रेलर परावर्तकासह व दुसरा परावर्तकाविना मोकळ्या मैदानात शेजारी शेजारी उभा करावा आणि लोकांना शंभर पावलांवरून मोटारसायकलच्या उजेडात ते दाखवावेत. दहा व्याख्यानांनी जे पटणार नाही, ते या एका दृश्याने पटेल. प्रत्येक वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राची, विम्याची व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत एका वहीत लिहून ठेवावी आणि मुदत संपण्यापूर्वी एक महिना मालकास आठवण द्यावी.

बैलगाडीच्या काळात कण्याला वंगण घालण्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची आवश्यकता भासली नाही. तीच दृष्टी शेतकऱ्याने आपल्या मोटारीकडे वळविली, तर वार्षिक तपासणी हे संकट न राहता आपण वर्षभर केलेल्या कामाची एक पडताळणी ठरेल. आणि माल घेऊन पहाटे निघालेले माणूस सायंकाळी घरी सुखरूप परत येईल.