टायरवरचा डोंगर

(ऑक्टोबरची अखेर. अमेरिकेत मिशिगन राज्यातलं कॅलमझू. मामा इथे तीस वर्षं राहतोय. भाची ऑगस्टमध्ये पुण्याहून शिकायला आली आणि गेल्याच आठवड्यात तिने जुनी सेडान घेतली. गाडी मामाच्या गॅरेजमध्ये उभी आहे, भाची पुढच्या चाकाशी उकिडवी बसली आहे.)

भाची : मामा, इथे ‘एम’ आणि ‘एस’ लिहिलंय बघ. मड आणि स्नो. विकणाराही म्हणाला, ऑल-सीझन टायर आहेत. म्हणजे हिवाळ्याची काळजी मिटली ना?

मामा : या नावानेच घोळ घातलाय. १९७७ साली गुडइयरने टिएम्पो नावाचा टायर काढला आणि ‘ऑल-सीझन’ हा प्रकार अमेरिकेत रुळला. थंडीत टायर चढवा, उन्हाळ्यात उतरवा, ही कटकट गेली. सोय झाली, ते मी मान्य करतो. पण सगळे ऋतू म्हणताना त्यात इथला जानेवारी धरलेला नाही. आणि ती दोन अक्षरं म्हणजे नक्षीच्या खाचा किती मोकळ्या आहेत त्याचं माप. टायर बर्फावर एकदाही न फिरवता ती छापता येतात.

भाची : मग भरवसा कशावर ठेवायचा?

मामा : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं एक चित्र असतं. मोबाइलचा टॉर्च लावून शोध. १९९९ पासून आहे ते. ते मिळवायचं तर टायरला दाबलेल्या स्नोवर परीक्षा द्यावी लागते. ठरवून दिलेल्या एका साध्या टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते.

भाची : (चाकाभोवती फिरून) नाहीये. चारही टायरवर नाही.

मामा : वाटलंच. आता रबराचं ऐक. पुण्याहून आणलेली रबरी स्लीपर आज रात्री गॅलरीत ठेव आणि सकाळी वाकवून बघ. साध्या ऑल-सीझनचं रबर सात अंशांच्या खाली असंच ताठरत जातं. रस्ता कोरडा असला तरी. हिवाळ्याच्या टायरचं रबर वेगळं मळलेलं असतं, गारठ्यातही ते मऊ राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा रस्ता धरतात. आणि रुंद खाचांत स्नो भरतो ना, तो भरलेलाच बरा. बेसनाचा लाडू वळताना सुटं पीठ पिठाला कसं धरतं? तसा खाचेतला स्नो रस्त्यावरच्या स्नोला धरतो.

भाची : म्हणजे डोंगरवाला टायर घेतला की बर्फाची भीती नाही.

मामा : कोणता बर्फ? स्नो काय नि आइस काय, आपल्या भाषेत दोन्हीला बर्फच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. ती परीक्षा स्नोवरची, आणि तीही गाडी पुढे ओढण्याची. आइसवर थांबण्याची नव्हे. शून्याच्या आसपास आइसवर पाण्याचा पातळ थर असतो, तो उणे वीसच्या आइसपेक्षा जास्त घसरवतो. पुलावर तर आधी गोठतं, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. तिथे टायर थोडी मदत करेल. उरलेलं काम तुझ्या पायाचं, वेग आधीच उतरवायचा.

भाची : बरं, ते कळलं. मामा, दोनच बदलले तर? पुढचे पार गोटा झालेत. मागचे चांगले दिसतायत. आणि इंजिनची ताकद पुढच्याच चाकांना जाते.

मामा : नाही.

भाची : पण का? दोन टायरचे पैसे वाचतात. माझी फी—

मामा : फी कळते गं मला. पण नीट ऐक. पुढच्या चाकांनी रस्ता घट्ट धरला आणि मागच्यांनी सोडला, तर वळणावर गाडीची शेपटी बाहेर येते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची चाकं घसरली तर निदान कळतं, पाय काढता येतो. मागची सुटली की नव्या माणसाच्या हातात काही उरत नाही. आणि ‘ताकद पुढे जाते’ हा विचार निघण्यापुरता झाला. जाहिरातीत चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फातून उसळत जाते, लोक भुलतात. थांबताना तिलाही तेच चार टायर असतात.

भाची : आणि दोन आत्ता, दोन पुढच्या वर्षी?

मामा : पुन्हा तेच! तू रोज आय-९४ वरून जाणार. ९ जानेवारी २०१५ ला इथून जवळच, गेल्सबर्गपाशी, याच रस्त्यावर १९३ गाड्या एकमेकींवर आदळल्या. मिशिगन सरोवरावरून थंड वारा येताना वाफ उचलतो आणि इथे स्नो ओततो. काही मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. त्या दिवशी नुसत्या चांगल्या टायरने निभावलं असतं असं मी म्हणणार नाही. पण थांबायला जी काही जागा मिळते, ती पुरी हाती लागावी. तिकडे क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च डोंगरवाले टायर कायद्यानेच लागतात. इथे सक्ती नाही, म्हणून तुला मामाची कटकट.

भाची : (थोडं थांबून) मग हिवाळ्याचा वेगळा संच घेऊ?

मामा : तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, उन्हाळ्यात ते चार टायर ठेवणार कुठे? उत्तरेकडे अप्पर पेनिन्सुलात राहत असतीस तर वेगळा संचच घे म्हणालो असतो. तू ऑल-वेदर घे. ऑल-सीझन नव्हे, नीट ऐक. त्यावर डोंगर असतो आणि ते वर्षभर ठेवता येतात. आइसवर खास हिवाळी टायरइतके नाहीत, पण तुझ्या गरजेला पुरतील. आणि घेताना तारीख बघ. बारा वर्षांपूर्वी मी एका दुकानात सेलमधले चार घेतले. नक्षी कोरी करकरीत. पहिल्याच स्नोत गाडी सिग्नल ओलांडून गेली, समोर कोणी नव्हतं म्हणून वाचलो. नंतर बाजू वाचली तर पाच वर्षं पडून राहिलेला माल! रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं. दुकानदाराने सांगायला नको? अजून आठवलं की डोकं फिरतं.

भाची : तारीख कुठे असते?

मामा : ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आणि हवा गार सकाळी तपासायची, गाडी काढण्याआधी. पाच-साडेपाच अंश उतरले की सुमारे एक पीएसआय जातो. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवरचा नाही, तो कमाल मर्यादेचा. पंपावर बरेच जण इथेच चुकतात.

भाची : मागचे एकदा मोजू या का? कदाचित चालतीलही.

मामा : मोज. हे क्वार्टरचं नाणं घे. वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घाल. डोक्याचं टोक झाकलं तर तीन मिलिमीटरच्या वर नक्षी आहे. बहुतेक राज्यांत कायदा १.६ वर गप्प बसतो, पण स्नोला जवळजवळ पाच तरी हवेत.

(भाची मागच्या चाकाच्या आत हात घालते. तीन ठिकाणी नाणं लावून बघते.)

भाची : बाहेरच्या बाजूला डोकं झाकतंय. आतल्या बाजूला केस दिसतायत.

मामा : आणि तारीख?

भाची : (टॉर्च जवळ नेऊन, अंगठ्याने चिखल पुसत) ४०... ४०१६.

(ती उठते, हात पँटला पुसते आणि फोन लावते.)

भाची : हॅलो, मला ऑल-वेदर टायर हवेत. चार. साइज सांगते. त्याआधी एक विचारायचं होतं, तुमच्याकडचे कोणत्या आठवड्यातले आहेत?