हिमवादळातील शिक्षिका

मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत, वैशाखातील वावटळ, वळवाचा पाऊस आणि उभी पिके झोडपणारी गारपीट मुलांच्या परिचयाची असते. पण ज्या वादळात बर्फाचा भुगा उडतो आणि भर दुपारी हातभर अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो, त्या हिमवादळाची कल्पना आपल्याला सहज यावयाची नाही. अशाच एका वादळात एका तरुण शिक्षिकेने दाखविलेल्या प्रसंगावधानाची ही हकीकत आहे.

अमेरिकेतील नेब्रास्का हा विस्तीर्ण माळरानाचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात तेथे नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांना घरबांधणीसाठी लाकूड क्वचितच मिळे. म्हणून ते गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेल्या मातीच्या चौकोनी ढेपा कापून त्यांच्या भिंती रचीत. ऑर्ड गावाजवळची एक शाळा अशीच मातीची होती. मिनी फ्रीमन ही तेथील शिक्षिका. तिने वयाची विशीही गाठली नव्हती.

12 जानेवारी 1888 ची सकाळ उबदार होती. त्या भागातील कित्येक मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली होती. परंतु उत्तरेकडील अतिशीत हवा, वाटेत डोंगराचा अडसर नसल्यामुळे, मोकळ्या माळावरून वेगाने खाली लोटली. पाहता पाहता आकाश झाकोळले, वारा घोंघावू लागला आणि पिठासारखा बारीक बर्फ नाकातोंडात शिरू लागला.

मिनीने मुलांना आतच थांबविले. पण वाऱ्याने प्रथम दार उखडले आणि मग छपरही उडवून नेले. आता आत थांबावे तर गारठून मरण, बाहेर पडावे तर वाट चुकून मरण! क्षणभरही न दवडता तिने निर्णय घेतला. जवळचे शेतघर अर्धा-पाऊण मैलावर होते. बारा-पंधरा मुलांना एकमेकांजवळ ठेवून, त्यांना धीर देत ती निघाली. तिने मुलांना दोरीने बांधले होते, अशी कथा पुढे सर्वत्र पसरली. तिच्याच काही विद्यार्थ्यांनी मात्र दोरी नव्हती असे नंतर सांगितले. दोरी असो वा नसो, सर्व मुले त्या घरी सुखरूप पोहोचली, हे मात्र निर्विवाद आहे.

सर्वांच्याच वाट्याला असे यश आले नाही. त्याच प्रदेशात लोई रॉइस ही शिक्षिका सरपण संपल्यामुळे तीन मुलांना घेऊन निघाली. तिचे घर अगदी जवळ होते. तरी ती वाट चुकली. रात्रभर तिने मुलांना कवटाळून धरले, पण तिघेही गारठून मृत्यू पावली. तिला स्वतःचे पाय गमवावे लागले. तिची माया व तिचे धैर्य कोणाहून कमी नव्हते. त्या वादळात सुमारे 235 माणसे दगावली असावीत. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले पुष्कळ होती. म्हणूनच त्या वादळाला 'शाळेचे हिमवादळ' हे नाव पडले.

मिनीची कीर्ती देशभर पसरली. तिच्यावर गीत रचले गेले. नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकन येथील विधानभवनात, या प्रसंगाचे भित्तिचित्र आहे. त्या दिवशी मात्र कीर्तीचा विचार तिच्या मनात नव्हता. आपल्या स्वाधीन केलेली लेकरे सुखरूप राहावीत, एवढेच तिला ठाऊक होते. यश प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. कर्तव्य मात्र असते.

शब्दार्थ
प्रसंगावधान – संकटात सुचणारी योग्य कृती
अडसर – अडथळा
निर्विवाद – ज्याविषयी वाद नाही असे

स्वाध्याय
1. नेब्रास्कातील शेतकरी मातीच्या भिंती का रचीत?
2. मिनीने मुलांना प्रथम आत का थांबविले व नंतर बाहेर का नेले?
3. 'लोई रॉइसचे धैर्य कोणाहून कमी नव्हते,' असे लेखक का म्हणतो?
4. तुमच्या गावी वादळ झाले असता लहान भावंडांची काळजी कशी घ्याल, ते दहा ओळींत लिहा.