हंडीतील रानफळ

शास्त्रपाठ : २ राजे ४:३८-४४

गिलगाल येथे दुष्काळ होता. अलीशाने संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी मोठी हंडी चढवावयास सांगितले. एक जण भाजीपाला आणावयास गेला आणि रानवेलीची फळे ओटीभर घेऊन आला. ती कसली हे कोणासच ठाऊक नव्हते. तरी ती चिरून हंडीत टाकली. लोक खाऊ लागले आणि हंडीत मरण आहे म्हणून ओरडले.

ही फळे इंद्रावणाची असावीत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. गुजरातच्या कोरड्या, रेताड जमिनीत हा वेल उगवतो, आणि वैद्य हेच फळ जालीम रेचक म्हणून वापरतात. म्हणजे औषध आणि विष एकाच वेलीवर! फरक मात्रेचा आणि ओळखीचा.

कोयलीच्या आमच्या अभ्यासवर्गात या पाठावर चांगलाच वाद झाला. वर्गातील एका भगिनींनी मधुमेहाच्या गोळ्या सोडून दारावर आलेल्या विक्रेत्याचे चूर्ण सुरू केले होते. पुढे पायाची जखम चिघळली. एक वृद्ध बंधू म्हणाले, "पाल्यामुळ्या देवाने दिल्या, त्यांना सरकारी शिक्का कशाला?" रिफायनरीतून निवृत्त झालेले दुसरे बंधू म्हणाले, "तपासणीवाचून एक पुडीही विकू देता कामा नये."

कायदा या दोघांच्या मधून चालतो. १९४० चा औषध कायदा १९६४ साली दुरुस्त झाला आणि आयुर्वेदिक व युनानी औषधे त्याच्या कक्षेत आली. विक्रीसाठी औषध बनविणाऱ्यास परवाना लागतो. स्वतःच्या रोग्यापुरते औषध करणाऱ्या वैद्यास सूट आहे. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जाहिरातीस आधी मंजुरी घ्यावी हा नियम २०१८ साली आला. २०२४ साली केंद्र सरकारने तो काढला, सर्वोच्च न्यायालयाने काढण्यास स्थगिती दिली, आणि २०२५ साली ती स्थगितीही उठली. आमच्याच वर्गात एकमत नव्हते असे नाही!

अलीशाकडे पाहा. त्याने भाजी आणणाऱ्यास दोष दिला नाही, हंडीही ओतून टाकली नाही, पीठ मागविले. लगेच पुढे बाल-शालीशाच्या मनुष्याने आणलेल्या वीस भाकरी शंभर जणांना पुरून उरतात. उपाशी लोकांचे अन्न त्याला मोलाचे होते.

परंतु संडे स्कूलच्या शिक्षकांनी येथे जपावे. पीठ हा विषावरचा उतारा नव्हे, ते देवाचे कार्य होते. आपल्या स्वयंपाकघरात शंका आलेली हंडी टाकूनच द्यावी, हे मुलांना स्पष्ट सांगा. उरलेल्या चांगल्या अन्नाची गोष्ट वेगळी. गेल्या कापणीच्या सणाला आमची खिचडी उरली. आजारपणाचा ठपका नको म्हणून काहींनी ती पुरावयास सांगितले. मला ते पटले नाही. गरम होती तोवरच ती जवळच्या मजुरांच्या वस्तीत पोहोचविली. उरलेले अन्न सुरक्षितपणे वाटण्याविषयी २०१९ साली शासनाने संस्थांसाठी नियमच केले आहेत. मंडळीच्या पंचांनी ते वाचावेत.

त्या भगिनी आता पुन्हा गोळ्या घेतात. पुढच्या सभेत त्यांनी चूर्णाची पिशवी आणली. आम्ही ती उलटसुलट करून पाहिली. वर पानाफुलांचे सुरेख चित्र होते. परवाना क्रमांक नव्हता, बनविणाऱ्याचा पत्ता नव्हता, आत काय आहे तेही लिहिलेले नव्हते.