नवागताची सूचना आणि जुन्यांची जबाबदारी

ज्या संगणक-आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व इतरांना देता येतो, तिला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. देशोदेशीचे कार्यकर्ते ती मिळून घडवितात. त्यांपैकी अनेकजण हे काम विनावेतन करतात. अशा समुदायात येणारी नवी व्यक्ती पुष्कळदा एखादी सुधारणा सुचवूनच आपली ओळख करून देते. त्या सूचनेची वासलात कशी लावावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

सूचना करण्यास काही मिनिटे पुरतात. मात्र ती स्वीकारल्यास तिची देखभाल वर्षानुवर्षे करावी लागते. साहजिकच प्रत्येक सूचना मान्य करणे शक्य नसते. परंतु ती दुर्लक्षिली अथवा तुच्छतेने फेटाळली, तर नवागत पाठ फिरवितो आणि समुदाय उद्याचा कार्यकर्ता गमावतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याच महिन्यात लिनक्सच्या कार्यकर्त्यांसाठी नवी आचारसंहिता स्वीकारण्यात आली.

नकार द्यावा, पण माणूस तोडू नये, हे कसे साधावे? पायथॉन या संगणकभाषेच्या समुदायाची पद्धत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गिदो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या बदलांसाठी लेखी प्रस्तावाची पद्धत तेथे २००० पासून आहे. किरकोळ दुरुस्तीस असा प्रस्ताव लागत नाही. मोठ्या बदलाची कल्पना प्रथम खुल्या चर्चेत मांडली जाते. नंतरच्या प्रस्तावात बदलाची कारणे, जुन्या आज्ञावलींवरील परिणाम आणि विचाराअंती सोडून दिलेले पर्याय नमूद करावे लागतात. प्रस्तावक नवखा असल्यास एखादा अनुभवी सदस्य पुरस्कर्ता म्हणून त्यास मार्गदर्शन करतो. अंतिम निर्णय २०१९ पासून पाच सदस्यांच्या निवडून आलेल्या सुकाणू मंडळाकडे आहे.

विशेष म्हणजे, फेटाळलेला प्रस्तावही जपून ठेवला जातो. अटीनुसार दोन मूल्यांपैकी एक निवडण्याची सोय एकाच वाक्यरचनेत असावी, अशी मागणी पायथॉनचे वापरकर्ते वारंवार करीत. २००३ मध्ये त्याविषयीचा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. परंतु कोणत्याही एका रचनेवर एकमत न झाल्याने तो नामंजूर झाला. प्रस्ताव खुद्द भाषेच्या जनकाने मांडलेला असूनही असे घडले. पुढे २००५ मध्ये त्यावर फेरविचार होऊन तो स्वीकारला गेला व २००६ च्या आवृत्तीत ती सोय आली.

यावरून बोध स्पष्ट होतो. सूचना करणाऱ्याने पूर्वीची चर्चा वाचावी; ऐकणाऱ्याने वेळेवर, सौजन्याने व सकारण उत्तर द्यावे; आणि निर्णयाची नोंद सर्वांस पाहता यावी. ज्याला नकाराचे कारण कळते, तो दुसरी सूचना घेऊन पुन्हा येतो. ग्रामसभा असो, शाळा असो वा कार्यालय, जेथे सूचना येतात तेथे हा धडा उपयुक्त ठरेल.