इंजिन बांधलं, पण सेल्फ जड जातोय? पाना उचलण्याआधी मीटर उचला

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गॅरेज धंद्यातल्या ‘रिपीट कामा’वर बोललो. बिल झालेली गाडी परत दारात येते आणि तेच काम फुकट करून द्यावं लागतं, ते रिपीट काम. त्यातलं सगळ्यात महागडं म्हणजे इंजिन काम झाल्यावर सेल्फ जड जाणं. व्हिडिओत आकडे घाईघाईत सांगून झाले, म्हणून इथे नीट लिहितोय. गॅरेज टाकायचा विचार असेल तर वही घेऊनच बसा.

आपल्या बॅचमधल्या एका मुलाचं होटगी रोडला छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या उभ्या राहिल्या की जागा संपली. त्याला पहिलंच फुल इंजिन काम मिळालं, भाड्यावर चालणारी जुनी डिझेल कार. गाडीमालकाचं पोटच त्या गाडीवर, कधी तुळजापूर, कधी अक्कलकोट, कधी पंढरपूर. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग बाहेरच्या मशीन शॉपमधून करून आणलं, इंजिन पोराने स्वतः बांधलं. संध्याकाळी चावी फिरवली तर घर्र… घर्र… आणि ठप्प. मालक शेजारीच उभा. “अण्णा, एवढे पैसे घातले की ओ, आणि गाडी उठंना?”

पोरगं घाबरलं. बेअरिंग टाईट बसलंय असं धरून रात्रीच इंजिन खाली घ्यायला निघालं होतं. त्याआधी मला फोन केला, एवढं शहाणपण दाखवलं.

आता हिशोब बघा. इंजिन परत उतरवायचं म्हणजे तुमची आणि हेल्परची दोन-तीन दिवसांची मजुरी, नवा गॅसकेट सेट, ऑइल, कूलंट. आणि दोन गाड्यांच्या जागेतली एक जागा अडकली, म्हणजे तेवढे दिवस धंदा अर्धा. यातलं काहीही तुम्ही बिलात लावू शकत नाही. आणि दोष इंजिनात नसलाच, तर हे सगळं करून परत चावी फिरवल्यावर तेच घर्र… घर्र…

म्हणून पहिला प्रश्न एकच. इंजिन खरंच जड आहे, की सेल्फला ताकद पोचत नाही? कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. फरक मीटरला कळतो.

कारचा सेल्फ चालताना दीडशे-दोनशे अँपिअर करंट ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. एवढ्या करंटला वाटेत ०.०१ ओहम जरी अडथळा आला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खाऊन जातो. गंजलेलं टर्मिनल, ढिला नट, एवढंही पुरतं. हेडलाइट मात्र झकास लागते, कारण तिला मोजके अँपिअर लागतात. त्यामुळे ‘लाइट चांगली आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हे वाक्य गॅरेजमध्ये कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन स्टार्ट होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत पंपाचा फ्यूज काढा, डिझेलमध्ये इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बॅटरी नुसती मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली आहे, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, पुढचं सगळं नंतर. आता हेल्परला चावी फिरवायला सांगा आणि सेल्फ चालू असतानाच बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मोजा. क्लिपवर नाही, खांबावर. साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये.

इथेच खरी मेख आहे. सेल्फ रडत फिरतोय आणि बॅटरी मात्र ११.५ च्या वर टिकून आहे, याचा अर्थ करंट जातच नाहीये. वाट अडलीय, म्हणजे केबल, अर्थिंग किंवा सेल्फच्या आतले कार्बन. उलट, चांगली चार्ज झालेली बॅटरी धाडकन आठ-नऊवर आली, तर एक तर बॅटरी आतून गेलेली आहे, नाहीतर सेल्फ भरमसाट करंट ओढतोय. दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. तरीही तेच झालं तर सेल्फ किंवा इंजिन, दोघांपैकी एक जड आहे.

पोराच्या गाडीत बॅटरी ११.६ वर टिकून होती. मग मी त्याला मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरायला सांगितली. सेल्फ मारताना तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. त्याचं आलं २.९. कारण? गाडी मालकाला छान दिसावी म्हणून ब्लॉक आणि गिअरबॉक्सला ऑइल पेंट मारला होता आणि अर्थिंगची पट्टी त्या रंगावरच आवळली होती! पॉलिश पेपरने रंग घासला, बोल्ट आवळला, आकडा ०.१५ वर आला. सेल्फने इंजिन भर्रकन फिरवलं. खर्च पॉलिश पेपरचा. (अर्थिंगची पट्टी लावायचीच राहिली तर करंट क्लच नाहीतर एक्सलेटरच्या केबलमधून वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर समजून जा.)

पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजायची. बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

वायरिंगमध्ये काही सापडलं नाही तर इंजिनाकडे. सगळे प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग. कॉम्प्रेशन गेलं की चार सिलिंडरचं छोटं इंजिन क्रँक पुलीच्या बोल्टला साधा रॅचेट लावून एका हाताने, एकसारखं फिरायला हवं. नेहमी फिरतं त्याच दिशेने फिरवा. प्लग काढताच इंजिन सुटलं आणि भोकातून पाणी किंवा डिझेल उडालं, तर सिलिंडरमध्ये द्रव साठला होता. अशा वेळी जोर लावला असता तर कनरॉड वाकला असता. पाणी असेल तर हेड गॅसकेट बघा, डिझेल असेल तर इंजेक्टर.

प्लग असताना सेल्फ झटका देऊन मागे येतो आणि इग्निशनची वायर काढली की मोकळा फिरतो, असं असेल तर टायमिंग जास्त पुढे आहे. डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या गाड्यांत हे फार होतं.

प्लग काढूनही जड, आणि पूर्ण फेरीत सारखंच जड? नव्या रिंगांमुळे थोडा जडपणा असणारच, तो चालतो. पण लांब दांडा घालावा लागत असेल तर बेअरिंगवर संशय घ्या. फेरीत एकाच ठिकाणी अडत असेल तर जोर लावूच नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल किंवा एखादी कॅप उलटी बसली असेल.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये हेच झालं होतं आणि तिथे इंजिन उघडणं बरोबरच होतं. क्रँक घासला होता ०.२५ ला, आणि दुकानातून बेअरिंग आलं ०.५० चं. बेअरिंगच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, तो कुणी वाचलाच नाही. ५० मिलीमीटरच्या जर्नलला तेलासाठी फट असते साधारण ०.०३ ते ०.०६ मिलीमीटर, डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी. हा डोळ्याने ओळखायचा आकडा नाही. आपल्याच सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स गाड्यांचे कॅमशाफ्ट बनवते, तिथे मायक्रॉनची भाषा चालते. आपण त्याच जातीचे पार्ट जमिनीवर पोतं टाकून बांधतो, तर निदान मायक्रोमीटर तरी हातात असू द्या.

बांधतानाच एक सवय लावा. मेन बेअरिंगची प्रत्येक कॅप टॉर्क पान्याने आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. तिसऱ्या कॅपला जड झाला तर गुन्हेगार तिथेच सापडला, तिथेच थांबा. कॅपवरचे नंबर आणि बाण बघूनच बसवा. त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

आणि काहीही झालं तरी टोचन लावून ओढू नका. ‘दोन किलोमीटर ओढली की मोकळी होईल’ असं सांगणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत आहे. टाईट बेअरिंगमध्ये तेलाला जागाच नसते, त्यामुळे बेअरिंग क्रँकला चिकटतं आणि तुमचं तीन दिवसांचं नुकसान नव्या क्रँकपर्यंत जातं. सेल्फसुद्धा एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थंड होऊ द्या.

०.५० बेअरिंगवाल्या गॅरेजमध्ये भांडण मात्र झालं नाही. मशीन शॉपची चिठ्ठी वहीत चिकटवलेली होती, त्यावर ०.२५ लिहिलं होतं. पार्टच्या बिलावर ०.५०. चूक कुणाची ते दोन मिनिटांत ठरलं आणि दुकानदाराने बेअरिंग बदलून दिलं. मजुरी गेली ती गेलीच, आकडा वाचायचं काम आपलं होतं.

तेव्हा जॉब कार्डवर या रकाने आजच वाढवा: जर्नलचं माप, बेअरिंगचा साइज, टॉर्क, बॅटरीचा आणि अर्थिंगचा व्होल्ट. गाडी देताना त्यावर मालकाची सही घ्या आणि झेरॉक्स त्याला द्या. तपासणीचे वेगळे पैसे किती लावायचे, आणि ‘नुसतं बघायचे पैसे घेता काय ओ?’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, ते पुढच्या व्हिडिओत घेतो.