आधी हेडफोनच्या वायरी, मग बाकीचा स्टुडिओ

घरच्या स्टुडिओत माइकची वायर असते, स्पीकरची असते, कॉम्प्युटरची असते, कीबोर्डची असते. एकदा नीट जागेवर बसवल्या की यांच्याकडे महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. हेडफोनच्या वायरीचं तसं नाही. तिचं एक टोक माइक आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या इंटरफेसमध्ये असतं आणि दुसरं माणसाच्या डोक्याला. माणूस वळतो, वाकतो, दाद द्यायला हात उचलतो, उठून उभा राहतो आणि दर वेळी ती वायर त्याच्याबरोबर ओढली जाते. म्हणून छोट्या खोलीत स्टुडिओ करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की आधी हेडफोनच्या वायरींची वाट ठरवा, मग टेबल कुठे आणि माइक कुठे ते बघा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. टेबल खिडकीशी लागतं, माइक कोपऱ्यात उभा राहतो आणि हेडफोनच्या वायरी उरलेल्या जागेतून जमेल तशा जातात.

माझा स्टुडिओ म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची बेडरूम. रेकॉर्डिंग मुख्यतः अभंग, भावगीतं आणि नाट्यपदांचं. एका वेळी गायक, पेटी आणि तबला एवढीच माणसं. पण अशा खोलीत तेवढ्यानेही पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

पाणी प्यायला वळताना

आषाढीच्या आधी अभंगांचं रेकॉर्डिंग चाललं होतं. टेबल आणि त्यावरचा इंटरफेस दाराजवळच्या भिंतीला, साथीदार समोरच्या भिंतीशी सतरंजीवर आणि मधोमध गायकाचा माइक. पेटीवाल्या काकांच्या हेडफोनला एक्स्टेन्शन लावलेलं होतं आणि ती वायर गायकाच्या माइक-स्टँडच्या तीन पायांमधून गेली होती. अंतरा संपला, टेक चांगला झाला, आणि काका मागे ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायला वळले. वायर ताणली, स्टँडचा एक पाय उचलला गेला आणि कंडेन्सर माइक तोंडघशी पेटीवर पडला. त्याची जाळी चेपली. त्याच हिसक्याने इंटरफेसमधला जॅक तिरका झाला आणि आतलं सॉकेट सैल पडलं. त्यानंतर जॅक एका बाजूला दाबून धरल्याशिवाय उजव्या कानात आवाज येईना. त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

यात हलगर्जीपणा कोणाचाच नव्हता. चांगला टेक झाल्यावर पाणी प्यायला वळणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट. पण वायर अशी टाकलेली असली, की आज ना उद्या हे होणारच. तेव्हापासून खोली मांडताना मी काही नियम कटाक्षाने पाळतो.

माणसांची वाट आणि वायरींची वाट

कागदावर खोली काढा. दार, खिडकी, बैठक, टेबल, पाणी ठेवायची जागा. माणसं कुठून येतात, कुठे बसतात, उठून कुठे जातात त्या रेघा आधी मारा. वायरी भिंतीच्या कडेने न्या आणि त्या रेघांना आडव्या जाणार नाहीत असं बघा. एखादी जागा ओलांडणं अगदी भागच असेल, तर तिथे वायर जमिनीलगत सपाट ठेवून वरून गॅफर टेप लावा. साधी इन्सुलेशन टेप लावू नका. उन्हाळ्यात तिचा चिकटा वितळून वायरीला आणि फरशीला धरतो. कायमच्या वायरींसाठी इलेक्ट्रिशियन वापरतात ती पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी उत्तम.

हेडफोनची वायर कुठल्याही स्टँडच्या पायांमधून जाता कामा नये. हा नियम मी कधीच सैल करत नाही.

इंटरफेसच्या अलीकडे, टेबलाच्या पायाला किंवा कडेला, वेल्क्रोच्या पट्टीने वायर एकदा अडकवा आणि तिथपासून जॅकपर्यंत वीतभर ढील सोडा. हिसका बसला तर तो टेबलाला बसेल, सॉकेटला नाही. पट्टी दहा रुपयांची, पण इंटरफेस उघडून सॉकेट बदलायचं झालं तर खर्च आणि खोळंबा दोन्ही सोसावे लागतात. एक्स्टेन्शनचा जोड वादकाच्या जवळ ठेवा. जोरात ओढलं गेलं तर तो जोड आधी सुटतो आणि नुकसान तिथेच थांबतं.

पेट्या, जोड आणि ओम

बहुतेक छोट्या इंटरफेसवर हेडफोनचं सॉकेट एकच असतं. मग लोक वाय-जोड लावून एकाचे दोन आणि दोनाचे चार करतात. त्यामुळे वायरींचं जाळं थेट टेबलापाशी तयार होतं आणि आवाजाचीही पंचाईत होते. प्रत्येक हेडफोनचा ओम, म्हणजे विजेला होणारा अवरोध, वेगळा. अडतीस ओमचा आणि अडीचशे ओमचा हेडफोन एकाच जोडावर लावले, तर पहिला कर्कश वाजतो आणि दुसरा दबलेला. एकाचा आवाज वाढवायला गेलं की दुसऱ्याचे कान दुखतात.

त्यापेक्षा चार हेडफोन घेणारा छोटा हेडफोन अँप्लिफायर घ्या. बेरिंजरचा एचए-४०० हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. तळहातावर मावेल एवढी पेटी आणि प्रत्येकाच्या आवाजाला वेगळं बटण. मात्र ती टेबलावर ठेवू नका, बैठकीजवळ एका बुटक्या पाटावर ठेवा. इंटरफेसपासून तिथपर्यंत भिंतीच्या कडेने एकच स्टिरिओ वायर जाते आणि पुढे प्रत्येकाची वायर हातभर अंतरात संपते. खोलीच्या मधून जाणाऱ्या चार वायरी एका झटक्यात नाहीशा होतात. वादकांना स्वतःचा आवाज स्वतः कमी-जास्त करता येतो, दर टेकला "जरा वाढवता का?" म्हणावं लागत नाही. या अँप्लिफायरच्या अॅडॉप्टरची वायर आणि माइकची वायर एकमेकींजवळ समांतर टाकू नका. गाठ पडलीच तर काटकोनात ओलांडा.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी

बहुतेक स्टुडिओ हेडफोनची वायर डाव्या कानातून निघते. खुर्चीवर बसून कीबोर्ड वाजवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. आपले वादक जमिनीवर बसतात आणि तिथे हे फार जाणवतं.

पेटीवादकाचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. डाव्या कानातून सुटलेली वायर पुढे लोंबली, की थेट भात्याच्या हाताशी येते. भाता उघडमिट होताना ती फटीत सापडते किंवा लाकडावर घासते, आणि ते घासणं माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतं. तबलावादकाची गोष्ट याहून नाजूक. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा डग्गा डावीकडे असतो, म्हणजे वायर डग्ग्याच्या पुडीवरच येऊन पडते. मींड काढताना मनगट सरकतं आणि वायर पुडीला चाटून जाते. ऐकणाऱ्याला वाटतं तबल्यातच काहीतरी खरखरतंय.

उपाय सोपा आहे. वायर खांद्यावरून मागे टाका, सदऱ्याच्या कॉलरला मागच्या बाजूने छोट्या क्लिपने अडकवा आणि पाठीमागून जमिनीवर उतरवा. हेडफोनची पेटीही वादकांच्या पाठीमागेच हवी. मान मोकळी वळेल एवढी ढील कॉलरपाशी ठेवा. क्लिप नसेल तर कपडे वाळत घालायचा छोटा चिमटाही चालतो.

गाणाऱ्यांची दोन पथ्यं. झुबे, लोंबते डूल आणि बांगड्या रेकॉर्डिंगपुरत्या काढून ठेवाव्यात. झुबे हेडफोनच्या कपावर आपटतात, आणि मंगळसूत्रावर घासणाऱ्या वायरीचा आवाज त्या व्यक्तीच्या कानात मोठा होऊन पोचतो. दुसरं म्हणजे, आपल्याकडे बऱ्याच गायकांना स्वतःचा सूर उघड्या कानाने ऐकायची सवय असते, म्हणून ते एक कप मागे सरकवतात. त्याला हरकत नाही. पण तो कप डोक्याला घट्ट टेकलेला असावा. हवेत उघडा राहिला, तर त्यातली क्लिक (लयीची टिकटिक) आणि तंबोरा सरळ माइकमध्ये शिरतात आणि नंतर काही केल्या निघत नाहीत. त्यामुळेच रेकॉर्डिंगला बंद पाठीचे हेडफोन वापरावेत. उघड्या पाठीचे मिक्सिंगसाठी ठेवा.

लांबी किती हवी

लांब वायर म्हणजे सोय, हा समज सोडा. जमिनीवर पडलेली जादा लांबी पायात येते. सरळ वायर साधारण तीन मीटरची असते आणि आमच्या खोलीला ती पुरून उरते. पीळ असलेली वायर जमिनीवर पसरत नाही, म्हणून टेबलाशी बसणाऱ्याला बरी. पण उभ्या गायकाला ती सतत खाली ओढते आणि तासाभरात मान अवघडते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंत चालत आलेला हेडफोन. त्याची पिळाची वायर हेडफोनपासून सुटत नाही, ती खराब झाली की डाग देणाऱ्याकडेच जावं लागतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सबरोबर वेगवेगळ्या तीन वायरी मिळतात आणि त्या बदलता येतात. नवा हेडफोन घेत असाल तर वायर सुटी होणारा घ्या आणि एक जादा वायर त्याच दिवशी आणून ठेवा.

वायर नसलेला ब्लूटूथ हेडफोन घेऊन हा प्रश्नच मिटवावा असं अनेकांना वाटतं. ऐकायला तो ठीक, रेकॉर्डिंगला नाही. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहून उशिरा पोचणं सर्रास घडतं. द्रुत लय मिनिटाला २४० मात्रांची धरली, तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. त्यात एवढा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेली. अशा हेडफोनवर सम गाठणं कोणालाही शक्य नाही.

बिघाड ओळखायच्या खुणा

एकदा एका गायिकेने टेक मध्येच थांबवला. "अहो, मागचा तंबोरा येतोय, घुमारा येतोय, पण माझा आवाजच येत नाहीये." तोच आवाज टेबलावरच्या हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येत होता. बिघाड मिक्समध्ये नव्हता, त्यांच्या जॅकमध्ये होता. हेडफोनच्या जॅकचे तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची, आणि मागचा दांडा दोघांचा सामाईक परतीचा मार्ग. दांड्याची तार तुटली, की वीज डाव्या कानातून निघून उजव्या कानातून परतते आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. गायकाचा आवाज मधोमध असतो, म्हणून आधी तोच जातो. दोन्ही बाजूंना पसरलेला तंबोरा आणि घुमारा मागे उरतो. पोकळ आवाज येऊन गाणारा गायब झाला, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी वायर बदलून पाहा. जॅक अर्धवट घुसला असेल तरीही असा विचित्र आवाज येऊ शकतो.

एकाच कानात आवाज येत असेल तर जॅकवरच्या काळ्या कड्या मोजा. हेडफोनला दोन कड्यांचा जॅक लागतो. एका कडीचा म्हणजे गिटारची मोनो वायर. ती एक्स्टेन्शन म्हणून लावली तर उजवी बाजू बंद पडते. तीन कड्यांचा जॅक मोबाइलच्या माइकवाल्या हेडफोनचा. तोही स्टुडिओत नको. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकला पाव इंचाचा जाड जोड लावतात, तेव्हा सॉकेटबाहेर लांबलचक दांडी राहते आणि जरा धक्का लागला तरी आतले संपर्क वाकतात. म्हणून शक्यतो मुळातच मोठा जॅक असलेली वायर करून घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चांगले जॅक मिळतात. जॅक लावताना किंवा काढताना आवाज शून्यावर आणायला विसरू नका. आत सरकताना जॅकचे भाग क्षणभर एकमेकांना जोडले जातात आणि कानात मोठा ठोका बसतो.

काम संपल्यावर

वायर कोपर आणि अंगठ्यावर गुंडाळू नका, हेडफोनच्या पट्टीवर तर मुळीच नाही. त्याने जॅकच्या मानेशी आतल्या तारा तुटतात. वीतभर रुंदीचे वेढे घ्या, एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा. अशी वायर पुढच्या वेळी पीळ न पडता उलगडते. हेडफोन टांगून ठेवा, जमिनीवर नको. चाकाची खुर्ची असेल तर चाकाखाली वायर येऊ देऊ नका. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतली तार चिरडलेली असते. पावसाळ्यात जॅकला गंज धरतो आणि खरखर सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

हे सगळं वाचून एकदम खर्चात पडू नका. पुढच्या रेकॉर्डिंगआधी अर्धा तास काढा. हेडफोन घालून प्रत्येक वादकाच्या जागी स्वतः मांडी घालून बसा. भात्याचा हात हलवून बघा, डग्ग्याकडे वाका, मागे वळून बाटली उचला, मग उठून दारापर्यंत जा. जिथे वायर ताणली जाईल किंवा पायात येईल, तिथली मांडणी त्याच वेळी बदला. नवा माइक त्यानंतर घ्या.