वीणा आणि किन्नोर

वाद्ये जगात अगणित असतील, पण त्यांच्या जाती चारच, असा निर्णय भरतमुनींनी नाट्यशास्त्रात देऊन ठेविला आहे. तारेचे ते तत, कातड्याने मढविलेले ते अवनद्ध, धातूवर धातू आपटून वाजते ते घन आणि फुंकून वाजते ते सुषिर. आपल्या दिंडीत पाहावे तर वीणा तत, मृदंग अवनद्ध, टाळ घन. आणि पालखी हलताना फुंकली जाते ती तुतारी सुषिर. हे चार खण घेऊन आम्ही प्राचीन यहुदी लोकांच्या उपासनेकडे पाहिले, तो चारही भरलेले. किन्नोर आणि नेवेल ही त्यांची तंतुवाद्ये. तोफ म्हणजे हातात धरावयाचा डफ. नावावर जाऊ नये, तो डफच आहे. त्सेल्त्सेलीम म्हणजे झांजा. आणि फुंकण्याला मेंढ्याच्या शिंगाचा शोफार. स्तोत्रसंहितेतील शेवटच्या, १५० व्या स्तोत्रात या चारही जातींची वाद्ये देवाच्या स्तवनासाठी बोलाविली आहेत.

परंतु खण सारखे म्हणून उपासनाही सारखी, असे मात्र होत नाही. कसे ते पाहू.

यरुशलेमच्या मंदिरात गायन-वादनाचा अधिकार लेवी कुळाकडे होता. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना नामक ग्रंथात वाद्यांची संख्यासुद्धा बांधून दिली आहे. नेवेल दोनांहून कमी नकोत, सहांहून अधिक नकोत. किन्नोर किमान नऊ, पुढे वाटेल तितके वाढवा, मर्यादा नाही. आणि झांज? झांज एकच! चर्मवाद्याला तर त्या यादीत जागाच नाही. आमचे मृदंगाचार्य हे ऐकून हिरमुसतील, पण शास्त्र आहे तसे सांगितले पाहिजे.

आता आपली दिंडी डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे वीणा एकच, आणि टाळांना मर्यादा नाही. यरुशलेमात तंतुवाद्यांना मर्यादा नाही, आणि झांज एकच. अगदी उलटा हिशेब! हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण आम्हाला तसे वाटत नाही. तेथे झांजेचे काम खुणेचे होते. ती एकदा वाजली की लेवींनी गायनास आरंभ करावयाचा. स्तोत्रातील विरामाला कर्णे फुंकले जात आणि लोक दंडवत घालीत. म्हणजे गाणारे वेगळे, ऐकून लोटांगण घालणारे वेगळे. खूण करावयास एक झांज पुरते. आपल्याकडे टाळ ही खूण नव्हे, तो ज्याच्या त्याच्या हातातला अधिकार आहे. दिंडीत नुसता श्रोता असा कोणी नसतोच. ज्याला गळा नाही त्यालाही टाळ आहे. मग इतक्या हातांना एका सुराला धरून ठेवावयास कोणी तरी एक हवा, म्हणून वीणा एक. ती धून वाजवीत नाही, सूर धरते. सप्ताहात पहारा बदलताना ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही.

किन्नोर मात्र खरोखर वाजविण्याचे वाद्य. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस सांगतो की, त्याला दहा तारा असत व तो नखीने वाजवीत. नेवेलला बारा तारा, ते बोटांनी वाजवीत. या किन्नोराचा थोर वादक म्हणजे दावीद राजा. मूळचा मेंढपाळ. शौल राजाचे चित्त बिघडे तेव्हा हा मेंढपाळ पोर किन्नोर वाजवी आणि राजा शांत होई, असे जुन्या करारात आहे. तालमुदातली गोष्ट तर कीर्तनकाराने जपून ठेवावी अशी आहे. दावीदाच्या शय्येवर किन्नोर टांगलेला असे. मध्यरात्री उत्तरेचा वारा आला की तारा आपोआप झंकारत, आणि राजा उठून पहाटेपर्यंत धर्मग्रंथाचे अध्ययन करी. काकड्याला उठणाऱ्यांना यावर अधिक काय सांगावे?

हाच दावीद देवाचा कोश यरुशलेमात आणताना त्याच्यापुढे सर्व बळ एकवटून नाचला. त्याची राणी मीखल खिडकीतून पाहत होती. राजाने दासींच्या देखत असे नाचावे, याची तिला किळस आली व तिने ते बोलून दाखविले. दावीद म्हणाला, मी देवापुढे नाचलो, आणि याहूनही हलका होईन. नामदेवरायांच्या पंथातल्या माणसाला या उत्तराचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

हे वैभव दोनदा मोडले. इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या राजाने मंदिर पाडले व लोकांना बंदी करून नेले. १३७ व्या स्तोत्रात त्या बंदिवासाचे चित्र आहे. नदीकाठच्या झाडांवर किन्नोर टांगले आहेत, धरून नेणारे म्हणताहेत, तुमच्या गावचे गाणे म्हणा. आणि ते म्हणताहेत, परक्या भूमीवर आमच्या देवाचे गाणे कसे गावे? पुढे मंदिर पुन्हा उभे राहिले, तेही रोमनांनी इ. स. ७० मध्ये जाळले. लेवींची सेवा थांबली, आणि त्या शोकापोटी उपासनेतील वाद्येही थांबली. लग्नात वाद्ये टिकली. पूर्व युरोपातल्या यहुदी वाजंत्र्यांना क्लेझमर म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थच गाण्याची साधने. पण सनातनी यहुद्यांच्या सभास्थानात शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आजही वाद्य वाजत नाही.

याला शोकाखेरीज आणखी एक कारण दिले आहे, ते मोठे बारीक आहे. शब्बाथला कोणतीही वस्तू घडविणे वा दुरुस्त करणे निषिद्ध. वाद्य हाती घेतले, वाजविता वाजविता बिघडले, तर वाजविणारा भान विसरून ते नीट करावयास बसेल! म्हणून मुळात हातीच घेऊ नये. हसू नका बरे का. मृदंगाला कणीक लावल्याशिवाय आणि हातोडीने गट्टे ठोकल्याशिवाय कोणता मृदंग सुरात आला आहे? शास्त्रकाराला वादकाचा स्वभाव पुरता ठाऊक होता, असेच आम्ही म्हणू.

वाद्य गेले, मग उरला कंठ. आणि या कंठाला त्यांनी जे जपले ते पाहून वेदपाठशाळेत बसलेल्या माणसाचा ऊर भरून येतो. त्यांचा धर्मग्रंथ तोरा हा नुसता वाचावयाचा नाही, ठरल्या स्वरांत म्हणावयाचा. त्यासाठी शब्दांवर ‘तआमीम’ नावाच्या खुणा आहेत. तिबेरिया येथील पंडितांनी नवव्या-दहाव्या शतकांत त्या पक्क्या केल्या. गंमत अशी की, सभास्थानात जी गुंडाळी उघडून वाचतात तिच्यावर या खुणा नसतात, स्वरचिन्हेही नसतात, केवळ व्यंजने. वाचणाऱ्याने सारे आधी मुखोद्गत करून यावे. शेजारी जाणकार उभा असतो. अर्थ पालटेल अशी चूक झाली की तो तेथेच थांबवून पुन्हा म्हणवून घेतो. आपल्याकडे उदात्त, अनुदात्त, स्वरित यांची हीच शिस्त. स्वर चुकला म्हणून ‘इंद्रशत्रु’ या शब्दाने यजमानाचाच घात कसा केला, ती कथा शिक्षाग्रंथाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. माध्यंदिन शाखेचे वैदिक हाताने स्वर दाखवितात. तालमुदातही उजव्या हाताने तोरेचे स्वर दाखविण्याचा उल्लेख आहे. एकाने दुसऱ्यापासून घेतले असे म्हणण्याला आधार नाही. ग्रंथ कंठात ठेवावयाचा म्हटला की हात आपोआप मदतीला येतो, इतकेच.

एक वाद्य मात्र सभास्थानात टिकले, ते शोफार. पण त्याला ते वाद्य म्हणून फुंकीत नाहीत, आज्ञा म्हणून फुंकतात. नववर्षाच्या दिवशी बहुतेक ठिकाणी त्याचे १०० नाद होतात. एक सरळ लांब. एक तीन तुकड्यांचा, उसासे टाकल्यासारखा. एक बारीक तुटक, हुंदक्यांसारखा. धर्मग्रंथातील ‘तेरुआ’ शब्दाचा अर्थ उसासा की हुंदका, असा संशय पडला, म्हणून दोन्ही फुंकावे असा निर्णय झाला. मीमांसकांना आवडावा असा निर्णय आहे. गाईचे शिंग मात्र शोफाराला चालत नाही. सोन्याचे वासरू करून पूजिले, हे त्यांच्या पूर्वजांचे पाप. ज्याने आरोप करावा त्यालाच वकील कसे नेमावे?

असो. हे सर्व दूरदेशीचे झाले, पण यातला एक धागा आपल्या कोकणात येतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. नवगावकर, किहीमवरून केहिमकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावे; बोली मराठी. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये उभे राहिले. आणि १८८० च्या सुमारास या मंडळींनी मुंबईत मराठी कीर्तने सुरू केली! पुढे ती पुस्तकरूपानेही निघाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने, आणि चाली साकी, दिंडी, ओवी यांच्या. वळण वारकरी नव्हे, आख्यानप्रधान नारदीय आहे, हे आम्ही कीर्तनकार या नात्याने नोंदवितो. पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकिले, तो करुणरस साकीत किती सहज बसतो, हे गाऊन पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशात गेली. थोडी मुंबई, ठाणे, पुणे, रायगड भागांत आहेत. शब्बाथच्या उपासनेत त्यांच्याकडे वाद्य नाही. कीर्तनाला मात्र पेटी असे.